वायुदाबाची केंद्रे आणि जालना जिल्ह्याचा पाऊस : एक ऐतिहासिक अभ्यास (इ.स. १८७५ ते २०२५)

सारांश

जालना जिल्ह्याच्या इतिहासात अवर्षण ही वारंवार येणारी घटना आहे. या अवर्षणाची कारणमीमांसा करताना सामान्यतः 'पाऊस कमी पडला' एवढ्यावरच विवेचन थांबते. प्रत्यक्षात जालन्याचा पाऊस हा कमी व जास्त दाबाची केंद्रे कोठे निर्माण झाली आणि कोणत्या मार्गाने सरकली, यावर अवलंबून असतो. १८७५ मध्ये भारतीय हवामानशास्त्र विभागाची स्थापना झाल्यापासून या केंद्रांचा पद्धतशीर अभ्यास सुरू झाला. तथापि हा अभ्यास दीर्घकाळ संपूर्ण देशाच्या सरासरी पावसाचे भाकीत करण्याकडे वळलेला राहिला. जालन्यासारख्या पर्जन्यछायेतील जिल्ह्याच्या गरजेकडे तो फार उशिरा पोहोचला. या दोहोंतील अंतराचा ऐतिहासिक मागोवा प्रस्तुत शोधनिबंधात घेतला आहे.

बीजसंज्ञा : वायुदाब, कमी दाबाचे क्षेत्र, पर्जन्यछाया, मोसमी पाऊस, अवर्षण, मराठवाडा, जालना.

प्रस्तावना

१ मे १९८१ रोजी जालना जिल्हा अस्तित्वात आला. तत्पूर्वी जालना, अंबड, भोकरदन व जाफराबाद हा भाग तत्कालीन औरंगाबाद जिल्ह्यात, तर परतूरचा भाग परभणी जिल्ह्यात समाविष्ट होता. बदनापूर, घनसावंगी व मंठा यांसह आज जिल्ह्यात आठ तालुके आहेत. उत्तरेस अजिंठ्याच्या डोंगररांगा, दक्षिण सीमेवर गोदावरी, मधून वाहणाऱ्या पूर्णा व दुधना आणि जालना शहराच्या कुशीतील कुंडलिका असे या भूमीचे स्वरूप आहे. 'जालना सोने का पालना' या लोकोक्तीतून येथील व्यापारी समृद्धीचे दर्शन घडते. बियाणे उद्योग, मोसंबीच्या बागा, कापूस व सोयाबीन यांमुळे जिल्ह्याचे नाव राज्याबाहेरही गेले. परंतु हा सोन्याचा पाळणा ज्या दोरीला टांगलेला आहे ती दोरी पावसाची आहे, हे येथील प्रत्येक पिढीने अनुभवले आहे.

जिल्ह्याचे सरासरी वार्षिक पर्जन्यमान साधारणतः ६५० ते ७५० मिलिमीटर इतके आहे. हा आकडा काही फार लहान नव्हे. एवढा पाऊस वेळेवर आणि विभागून पडला तर खरीप व रब्बी हे दोन्ही हंगाम साधतात. प्रश्न निर्माण होतो तो पावसाच्या अनियमिततेमुळे. एका वर्षी पेरणीनंतर पाऊस ओढ देतो आणि दुबार पेरणीची वेळ येते. दुसऱ्या वर्षी काढणीस आलेले पीक दोन दिवसांच्या अतिवृष्टीत पाण्याखाली जाते. या अनियमिततेचे मूळ वायुदाबाच्या रचनेत आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे

१. जालना जिल्ह्याच्या पावसावर कमी व जास्त दाबाच्या केंद्रांचा होणारा परिणाम स्पष्ट करणे.
२. वायुदाबाच्या आधारे पावसाचे भाकीत करण्याच्या प्रयत्नांचा ऐतिहासिक आढावा घेणे.
३. अखिल भारतीय भाकीत व स्थानिक वस्तुस्थिती यांतील अंतराची चिकित्सा करणे.

अभ्यास पद्धती

प्रस्तुत निबंधासाठी ऐतिहासिक व वर्णनात्मक पद्धतीचा अवलंब केला असून दुय्यम साधनांचा आधार घेतला आहे. अभ्यासाचा काळ १८७५ ते २०२५ असा निश्चित केला आहे.

१. जालन्याचे स्थान आणि वायुदाबाची रचना

हवेला वजन असते व त्या वजनाचा भूपृष्ठावर दाब पडतो. समुद्रसपाटीवर हा दाब सरासरी १०१३ हेक्टोपास्कल असतो. जालना समुद्रसपाटीपासून सुमारे ५०० मीटर उंचीवर असल्याने तेथे ठेवलेला वायुदाबमापक साडेनऊशेच्या आसपासचाच आकडा दाखवील. म्हणून निरनिराळ्या ठिकाणांची तुलना करताना सर्व नोंदी समुद्रसपाटीच्या पातळीवर आणाव्या लागतात आणि नंतरच नकाशावर समदाब रेषा काढता येतात. जेथे दाब सभोवतालच्या मानाने कमी असतो तेथे चहूबाजूंनी वारे येतात, हवा वर चढते, थंड होते व बाष्पाचे ढग बनतात. जेथे दाब जास्त असतो तेथे हवा खाली उतरते, उतरताना तापते आणि ढग विरून जातात. एकाच पट्ट्यात एके ठिकाणी झड लागलेली असताना दुसरीकडे स्वच्छ उघाड असते, त्याचे कारण बहुधा हेच असते.

उन्हाळ्यात वायव्य भारत व पाकिस्तानच्या वाळवंटी प्रदेशात तापलेल्या जमिनीवर कमी दाबाचे विस्तीर्ण क्षेत्र तयार होते. त्याच वेळी दक्षिण हिंदी महासागरात मादागास्करच्या पूर्वेस जास्त दाबाचे केंद्र बळावते. या दोहोंतील फरकामुळे विषुववृत्त ओलांडून वारे भारताकडे येतात. हेच आपले नैऋत्य मोसमी वारे होत. या वाऱ्यांतील बाष्पाचा फार मोठा हिस्सा सह्याद्री अडवून घेतो. महाबळेश्वरास वर्षाला साडेपाच ते सहा हजार मिलिमीटरपर्यंत पाऊस पडतो. घाट उतरून पूर्वेस आलेल्या वाऱ्याजवळ देण्यासारखे फारसे काही उरत नाही. अरबी समुद्रापासून सुमारे सव्वातीनशे किलोमीटरवर असलेला जालना या पर्जन्यछायेत येतो.

मग जालन्याला पाऊस कोण देतो, असा प्रश्न साहजिकच उपस्थित होतो. त्याचे बरेचसे उत्तर बंगालच्या उपसागरात आहे. हा उपसागर जालन्यापासून अरबी समुद्राच्या दुपटीहून अधिक दूर आहे. तरीही पावसाळ्यात तेथे निर्माण होणारी कमी दाबाची क्षेत्रे ओडिशा किंवा आंध्रच्या किनाऱ्यावरून आत शिरतात आणि पश्चिम-वायव्य दिशेने सरकतात. त्यांची तीव्रता वाढल्यास त्यांना अवदाब म्हटले जाते. अशा केंद्राच्या नैऋत्य भागात सर्वाधिक पाऊस पडतो, ही बाब विशेष लक्षात घेण्यासारखी आहे. केंद्र छत्तीसगड व पूर्व मध्य प्रदेशातून सरकले तर विदर्भ व मराठवाड्याचा उत्तर भाग त्याच्या नैऋत्येस येतो आणि जालन्यास समाधानकारक पाऊस मिळतो. केंद्र तेलंगणमार्गे आले तर मराठवाड्यावर थेट अतिवृष्टी होते. परंतु तेच केंद्र उत्तरेकडे वळून बिहार-उत्तर प्रदेशाकडे गेले, अथवा मोसमी कमी दाबाचा पट्टा हिमालयाच्या पायथ्याशी सरकला, तर नद्यांना पूर येतात ते तिकडे. इकडे जालन्यात कोरडे वारे वाहत राहतात. शेतकरी ज्याला पावसाने ताण दिला असे म्हणतो, ती ही अवस्था होय.

तात्पर्य, देशात एकूण पाऊस किती पडला यापेक्षा केंद्रे कोणत्या वाटेने गेली, हा प्रश्न जालन्याच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा ठरतो.

२. नक्षत्रांचे कोष्टक

वायुदाबमापक येण्यापूर्वी या प्रदेशातील शेतकऱ्याजवळ ज्ञान नव्हते असे मानणे चुकीचे ठरेल. मृगापासून स्वातीपर्यंतच्या नक्षत्रांवर पावसाळ्याचे वेळापत्रक बसविलेले होते. मृगात पेरणी, मघा-पूर्वांत पिकाची वाढ आणि हस्ताच्या पावसावर रब्बी ज्वारीची भिस्त, ही विभागणी शेकडो वर्षांच्या निरीक्षणातून आली. टिटवीने अंडी कोठे घातली, कावळ्याने घरटे झाडाच्या कोणत्या भागात बांधले, वारा कोणत्या दिशेचा आहे, या खुणांनाही मान होता.

यांतील प्रत्येक खुणेस शास्त्रीय आधार आहे असे म्हणता येणार नाही. परंतु वाऱ्याच्या दिशेचे निरीक्षण मात्र वायुदाबाशी थेट निगडित आहे. उत्तर गोलार्धात कमी दाबाच्या केंद्राभोवती वारे घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने फिरतात. हा नियम १८५७ मध्ये डच शास्त्रज्ञ बाइस बॅलट याने मांडला. त्यामुळे केंद्र दक्षिणेस असेल तर त्याच्या उत्तरेकडील गावात वारा उगवतीकडून येतो. पावसाळ्याच्या अखेरीस उगवतीकडून चढणाऱ्या ढगांकडे मराठवाड्यातील शेतकरी आशेने पाहतो, त्यामागे हीच रचना आहे. सूर्य हस्त नक्षत्रात प्रवेश करतो तो सप्टेंबरच्या अखेरीस. याच सुमारास मोसमी वारे परतू लागतात आणि उपसागरातील केंद्रांचा मार्ग दक्षिणेकडे सरकू लागतो. नक्षत्राचे नाव आकाशातले असले तरी त्या नोंदीचा विषय उपसागरावरील हवा हाच होता.

या ज्ञानाची मर्यादाही स्पष्ट होती. ते सरासरी वर्षाचे ज्ञान होते. यंदाचे वर्ष त्या सरासरीपासून किती दूर जाईल, हे त्यातून कळत नसे. दुष्काळ नेमका तेथेच गाठत असे.

३. राज्यकर्त्यांचा वायुदाबमापक : १८७५ ते १८९९

वायुदाबाचा अभ्यास भारतात प्रथम सुरू झाला तो जहाजांच्या सुरक्षिततेसाठी. कलकत्त्यातील हेन्री पिडिंग्टन याने उपसागरातील वादळांच्या नोंदी जमवल्या. चक्राकार फिरणाऱ्या या वादळांना 'सायक्लोन' हे नाव त्यानेच १८४८ मध्ये रूढ केले. १८६४ मध्ये कलकत्त्यास चक्रीवादळाचा मोठा तडाखा बसला आणि १८६६ मध्ये ओरिसात भीषण दुष्काळ पडला. या आपत्तींनंतर १८७५ मध्ये भारतीय हवामानशास्त्र विभागाची स्थापना झाली व हेन्री ब्लॅनफोर्ड याची पहिला प्रमुख म्हणून नेमणूक करण्यात आली.

विभाग स्थिरस्थावर होतो न होतो तोच १८७६-७८ चा दख्खनचा महादुष्काळ आला. १८७७ हे भारताच्या नोंदलेल्या इतिहासातील सर्वांत कोरड्या वर्षांपैकी एक होते. या काळातील नोंदी तपासताना ब्लॅनफोर्ड यास एक विलक्षण गोष्ट आढळली. दाब केवळ भारतावरच नव्हे, तर आशियाच्या मोठ्या भागापासून ऑस्ट्रेलियापर्यंत नेहमीपेक्षा जास्त राहिला होता. दख्खनच्या शेतकऱ्याचे कोरडे शिवार आणि ऑस्ट्रेलियातील कोरडी कुरणे एकाच विस्तीर्ण जास्त दाबाच्या छत्राखाली होती. दुष्काळाचे कारण त्या गावाच्या आकाशात नव्हते, हजारो किलोमीटरवर पसरलेले होते, याचा हा पहिला ठोस पुरावा होय.

पुढे हिमालयातील बर्फवृष्टी आणि पावसाळा यांतील संबंधाच्या आधारे ब्लॅनफोर्ड याने भाकिते तयार करण्यास सुरुवात केली. ४ जून १८८६ रोजी पहिले अधिकृत हंगामी भाकीत प्रसिद्ध झाले. १८८९ मध्ये त्याच्या जागी जॉन इलियट आला. त्याने बर्फवृष्टीबरोबर हिंदी महासागर व ऑस्ट्रेलियाकडील हवामानाचाही विचार भाकितात समाविष्ट केला. इलियटची भाकिते विस्तृत असत आणि त्यांवर शासनाचा विश्वास होता.

या विश्वासाची कसोटी १८९९ मध्ये लागली. त्या वर्षी चांगल्या पावसाचे भाकीत करण्यात आले होते. प्रत्यक्षात पश्चिम व मध्य भारतात पावसाने पाठ फिरवली. गुजरात-राजस्थानात विक्रम संवत १९५६ वरून 'छप्पनिया' म्हणून ओळखला जाणारा हा दुष्काळ निजामाच्या राज्यातील मराठवाडी जिल्ह्यांवरही कोसळला. हैदराबाद-गोदावरी खोरे रेल्वेमार्ग याच काळात मनमाडकडून जालन्यामार्गे पूर्ण होत होता. धान्य आणण्याचे साधन दाराशी येत असतानाच शेतातील धान्य नाहीसे झाले, असा हा प्रसंग होता. भाकितावरील टीकेनंतर ती काही वर्षे जनतेसाठी प्रसिद्ध न करता शासनापुरती गोपनीय ठेवण्यात आली.

हा निर्णय अभ्यासकांच्या दृष्टीने विचार करण्याजोगा आहे. चूक झाली तेव्हा चुकीची कारणे उघडपणे मांडण्याऐवजी माहितीच मिटवून घेण्यात आली. जालन्याच्या शेतकऱ्यास त्या भाकिताचा उपयोग पूर्वीही फारसा नव्हता. परंतु हवामानाची माहिती ही प्रथम शासनाची आणि नंतर शेतकऱ्याची, हा क्रम त्या काळात पक्का झाला.

४. डार्विन आणि ताहिती : वॉकरचे कार्य

१९०४ मध्ये केंब्रिजचा गणितज्ञ गिल्बर्ट वॉकर विभागाचा प्रमुख झाला. हवामानशास्त्राचा त्याचा पूर्वानुभव नव्हता, परंतु संख्याशास्त्रावर प्रभुत्व होते. शिमल्याच्या कार्यालयात भारतीय कर्मचाऱ्यांच्या साहाय्याने त्याने जगभरातील दाब, तापमान व पाऊस यांच्या नोंदींची सहसंबंध गुणके हाताने काढून घेतली. संगणकापूर्वीच्या काळातील हे श्रम थक्क करणारे आहेत. त्यांतून असे दिसून आले की, प्रशांत महासागराच्या पूर्व भागात दाब वाढतो तेव्हा हिंदी महासागर व ऑस्ट्रेलियाच्या बाजूस तो घटतो आणि उलटही घडते. या झोक्यास त्याने १९२४ मध्ये 'दक्षिणी आंदोलन' असे नाव दिले. पुढे ताहिती बेट व ऑस्ट्रेलियातील डार्विन या दोन ठिकाणांच्या दाबांतील फरक हे त्याचे माप ठरले. १९६९ मध्ये याकोब ब्यर्कनेस याने या आंदोलनाचा पेरूच्या किनाऱ्यावरील 'एल निनो' या सागरी घटनेशी असलेला संबंध उलगडला आणि वॉकरच्या निष्कर्षामागील यंत्रणा स्पष्ट झाली.

एल निनोच्या वर्षी पूर्व प्रशांत महासागर तापतो. हवा वर चढण्याचे क्षेत्र तिकडे सरकते आणि इंडोनेशिया-भारताच्या बाजूस हवा खाली उतरण्याची प्रवृत्ती बळावते. जालन्यावरील ढग विरण्याचे एक कारण अशा रीतीने पेरूच्या समुद्रात सापडले.

हवामान विभागाचे मुख्यालय १९२८ मध्ये शिमल्याहून पुण्यास आले. शिवाजीनगरच्या त्या इमारतीस पुणेकर 'सिमला ऑफिस' म्हणू लागले आणि ते नाव आजही प्रचलित आहे. मुख्यालय १९४४ मध्ये दिल्लीस गेले, तरी पुण्याचे महत्त्व कायम राहिले. १९६२ मध्ये पुण्यात उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेची स्थापना झाली. महाराष्ट्राच्या भूमीवर मोसमी पावसाचे संशोधन अशा रीतीने रुजले. परंतु पुणे आणि जालना यांच्यातील अंतर केवळ किलोमीटरचे नव्हते. १९४८ पर्यंत जालना निजामाच्या राज्यात होता. राज्यपुनर्रचनेत १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात.

५. बहात्तरचा दुष्काळ

१९७० पासून महाराष्ट्राच्या अवर्षणग्रस्त पट्ट्यात पाऊस सलग अपुरा राहिला आणि १९७२ मध्ये त्याने कळस गाठला. हे तीव्र एल निनोचे वर्ष होते. देशाचा मोसमी पाऊस सुमारे २४ टक्क्यांनी कमी झाला. जुलैच्या मध्यापासून ऑगस्टच्या प्रारंभापर्यंत पावसात प्रदीर्घ खंड पडला. हिमालयाच्या पायथ्याशी सरकलेला कमी दाबाचा पट्टा वेळेवर दक्षिणेकडे परतलाच नाही. खरिपाची वाढ व्हावी त्याच दिवसांत मराठवाड्याचे शिवार कोरडे राहिले.

या दुष्काळाची सामाजिक बाजू सुपरिचित आहे. खडी फोडणे, रस्ते, नालाबांध व पाझर तलाव यांच्या दुष्काळी कामांवर लाखो हात राबले. सुकडी आणि आयात केलेला मिलो ही त्या पिढीच्या स्मरणातील अन्ने होत. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आकारास आलेली रोजगार हमी योजना याच काळात विस्तारली आणि १९७७ च्या कायद्याने तिला हक्काचे अधिष्ठान लाभले. त्याच वर्षी, मे १९७२ मध्ये, परभणी येथे मराठवाडा कृषी विद्यापीठाची स्थापना झाली होती.

येथे एक फरक नोंदवणे आवश्यक आहे. १८९९ मध्ये पावसाची चूक आणि शासनाची असमर्थता एकत्र आल्याने मृत्यूचे प्रमाण भयंकर होते. १९७२ मध्ये दाबाची प्रतिकूल रचना तितकीच कठोर असूनही सार्वजनिक कामे व धान्यवाटप यांमुळे मोठी मनुष्यहानी टळली. वायुदाब अवर्षण आणतो, परंतु अवर्षणाचा दुष्काळ होणे वा न होणे हे समाजाच्या तयारीवर अवलंबून असते.

६. देशाची सरासरी आणि जिल्ह्याचे सत्य

१९८८ मध्ये वसंत गोवारीकर व त्यांच्या सहकाऱ्यांच्या कार्यातून सोळा घटकांचे प्रतिमान वापरात आले. या घटकांत डार्विन व अर्जेंटिना येथील वायुदाबासह अनेक दाबविषयक नोंदींचा समावेश होता. काही वर्षे हे प्रतिमान यशस्वी ठरले. १९९७ मध्ये तीव्र एल निनो असूनही देशात १०२ टक्के पाऊस झाला. मात्र २००२ मध्ये १०१ टक्के पावसाचे भाकीत असताना प्रत्यक्षात ८१ टक्केच पाऊस पडला. एकट्या जुलै महिन्यातील तूट पन्नास टक्क्यांच्या आसपास होती. त्यानंतर २००३ पासून प्रतिमानांची फेररचना करण्यात आली.

या यशापयशाची चर्चा विपुल झाली आहे. परंतु जालन्याच्या दृष्टीने मूळ प्रश्न वेगळाच आहे. भाकीत अचूक ठरले तरी ते जिल्ह्यास कितपत उपयोगी पडते? २०१२ हे वर्ष या संदर्भात बोलके आहे. देशात त्या वर्षी ९३ टक्के पाऊस झाला. राष्ट्रीय पातळीवर हे संकट फार मोठे मानले गेले नाही. मराठवाड्यात मात्र तूट एक तृतीयांशाच्या घरात गेली. निजामकाळापासून जालना शहराची तहान भागवणारा घाणेवाडी तलाव आटला आणि शहरास टँकरवर अवलंबून राहावे लागले. पाण्याअभावी मोसंबीच्या बागा वाळल्या. वर्षानुवर्षे जोपासलेली झाडे शेतकऱ्यांनी स्वतःच्या हाताने तोडली. पीक गेल्यास एक हंगाम जातो, बाग गेल्यास अनेक वर्षांची गुंतवणूक जाते, हे येथे लक्षात घ्यावे लागते. पाठोपाठ २०१४ व २०१५ मध्ये देशाचा पाऊस अनुक्रमे ८८ व ८६ टक्के असताना मराठवाड्यातील तूट दोन्ही वर्षी ४० टक्क्यांच्या आसपास होती.

हंगामी भाकितात देशाचे चार मोठे विभाग केले जातात. त्यांत मराठवाडा 'मध्य भारत' या विभागात येतो. याच विभागात कोकण, गुजरात, मध्य प्रदेश व ओडिशाही आहेत. कोकणातील धुवाधार पाऊस व ओडिशावरील अवदाब यांची बेरीज झाल्यावर मधल्या पर्जन्यछायेतील तूट सरासरीत सहज झाकली जाते. ही शास्त्राची चूक नव्हे, कारण सरासरीचे गणित असेच असते. परंतु त्या सरासरीवर पेरणीचा निर्णय घेणाऱ्या अंबड किंवा मंठ्याच्या शेतकऱ्यास तिची किंमत मोजावी लागते.

७. गारपीट आणि 'गुलाब'

वायुदाबाच्या केंद्रांचे स्थान किती निर्णायक ठरते, याची दोन उदाहरणे अलीकडच्या काळातील आहेत.

पहिले उदाहरण फेब्रुवारी-मार्च २०१४ च्या गारपिटीचे होय. सामान्यतः जास्त दाबाचा संबंध कोरड्या हवेशी जोडला जातो. परंतु त्या वेळी उपसागरावरील जास्त दाबाच्या केंद्राभोवती घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरणाऱ्या वाऱ्यांनी आग्नेयेकडून बाष्प आणले. उत्तरेकडून पश्चिमी विक्षोभाबरोबर थंड व कोरडी हवा वरच्या थरात आली. दोहोंच्या संघर्षातून उंच ढग तयार झाले आणि मराठवाड्यासह राज्याच्या मोठ्या भागात आठवड्यांमागून आठवडे गारा पडल्या. हरभरा, गहू, ज्वारी व फळबागांची हानी झाली. ११ फेब्रुवारी २०१८ रोजी जालना व जाफराबाद परिसराने पुन्हा गारपिटीचा मारा सोसला. नक्षत्रांच्या कोष्टकात या आपत्तीस नेमके स्थान नव्हते. म्हणूनच तिला 'अवकाळी' म्हटले जाते.

दुसरे उदाहरण 'गुलाब' चक्रीवादळाचे आहे. २६ सप्टेंबर २०२१ रोजी ते आंध्र-ओडिशाच्या किनाऱ्यावर आदळले. जमिनीवर येताच त्याचा जोर ओसरला, परंतु कमी दाबाचे केंद्र म्हणून ते तेलंगण, विदर्भ व मराठवाडा असे सरकत राहिले. त्याच्या मार्गात मराठवाडा थेट सापडला आणि २७-२८ सप्टेंबरला नद्या-ओढे दुथडी वाहिले. काढणीस आलेले सोयाबीन व बोंडे फुटलेला कापूस पाण्यात गेला. पुढे हेच अवशेष अरबी समुद्रात पोहोचले. तेथे त्यांनी 'शाहीन' या नावाने नव्याने चक्रीवादळाचे रूप घेतले आणि ऑक्टोबरच्या प्रारंभी ते ओमानच्या किनाऱ्यावर आदळले. सूर्य हस्तात प्रवेश करण्याच्या सुमारासच हा पाऊस आला. पूर्वजांच्या कोष्टकातील हस्ताचा पाऊस रब्बीस जीवदान देणारा होता, तर हा पाऊस खरीप घेऊन गेला. सप्टेंबर २०२५ मध्येही मराठवाड्याने पावसाळ्याच्या अखेरीस अतिवृष्टी व पुराचा अनुभव घेतला. गेल्या काही दशकांत उपसागरातील तीव्र अवदाबांची संख्या घटली असून कमी तीव्रतेच्या क्षेत्रांचे प्रमाण वाढले आहे. तापलेल्या हवेत बाष्प अधिक मावत असल्याने थोड्या तासांत मोठा पाऊस पडण्याची शक्यताही वाढली आहे.

८. मंडळाचा पर्जन्यमापक

२००८ पासून जिल्हानिहाय कृषी हवामान सल्ला देण्याची व्यवस्था सुरू झाली. पुढे महाराष्ट्रात 'महावेध' प्रकल्पांतर्गत महसूल मंडळ पातळीवर स्वयंचलित हवामान केंद्रे उभारण्यात आली. १८७५ मध्ये सुरू झालेले पद्धतशीर निरीक्षण अशा रीतीने सुमारे दीड शतकाने जालन्याच्या मंडळापर्यंत आले.

या केंद्रांना आता शास्त्रीय महत्त्वाबरोबरच आर्थिक महत्त्वही प्राप्त झाले आहे. मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटरहून अधिक पाऊस नोंदला गेला तर अतिवृष्टी मानली जाते. पीकविम्याच्या निकषांतही पावसाचा खंड मोजला गेला आहे. पूर्वी दुष्काळ ठरवण्यासाठी पैसेवारी हाच मुख्य आधार होता आणि ती ५० पैशांच्या आत आली की नाही यावर गावाचे भवितव्य ठरत असे. आज पर्जन्यमापकाची नोंद तितकीच निर्णायक झाली आहे. परंतु मेघगर्जनेसह येणारा पाऊस एका शिवारात कोसळतो आणि शेजारच्या शिवारात थेंबही पडत नाही. मंडळाच्या एका केंद्राच्या नोंदीवर वीस-पंचवीस गावांचा न्याय करताना तीच सरासरीची अडचण लहान प्रमाणात पुन्हा उभी राहते.

निष्कर्ष

१. जालना जिल्हा पर्जन्यछायेत असल्याने त्याचा पाऊस बंगालच्या उपसागरातील कमी दाबाच्या केंद्रांच्या मार्गावर मोठ्या प्रमाणात अवलंबून आहे. ही केंद्रे उत्तरेकडे वळल्यास देशात पूर व जालन्यात अवर्षण अशी स्थिती एकाच वेळी संभवते.

२. ब्लॅनफोर्ड, इलियट व वॉकर यांच्या कार्यामुळे स्थानिक अवर्षणाची जागतिक कारणे उजेडात आली. तथापि त्या संशोधनाचा प्रधान हेतू संपूर्ण देशाचे हंगामी भाकीत हा राहिला.

३. २०१२, २०१४ व २०१५ या वर्षांच्या तुलनेवरून अखिल भारतीय सरासरी ही मराठवाड्याच्या स्थितीची विश्वसनीय निदर्शक नाही, असे दिसून येते.

४. १८९९ व १९७२ यांच्या तुलनेवरून असे स्पष्ट होते की, प्रतिकूल वायुदाबाचे रूपांतर मानवी संकटात होणे हे प्रशासकीय व सामाजिक सज्जतेवर अवलंबून असते.

समारोप

वायुदाबाच्या अभ्यासाचा इतिहास म्हणजे दूरच्या कारणांचा शोध घेण्याचा इतिहास होय. हा शोध मौलिक आहे. परंतु कारण जितके दूर सापडत गेले तितका निष्कर्षही शेतापासून दूर राहिला. ते अंतर कमी करण्याच्या कामात जिल्ह्यातील महाविद्यालयांना निश्चित स्थान आहे. भूगोल, इतिहास व कृषी या विषयांच्या विभागांनी एकत्र येऊन परिसरातील गावांच्या पावसाच्या नोंदी, विहिरींच्या पाणीपातळ्या, वाऱ्याच्या दिशा व वृद्ध शेतकऱ्यांच्या आठवणी यांचे संकलन केल्यास जिल्ह्याचा स्वतःचा हवामान-इतिहास तयार होऊ शकेल. पर्जन्यमापक व वायुदाबमापक ही काही महागडी साधने नव्हेत. रोज ठरलेल्या वेळी नोंद घेण्याची शिस्त मात्र हवी. उपसागरातील केंद्राची वाट वळवणे आपल्या हाती नाही. ते केंद्र आपल्या शिवारावरून कसे गेले, याची नोंद पुढील पिढीच्या हाती देणे मात्र आपल्याला शक्य आहे.